दोनदा पाहिलेला सिनेमा

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. निपाणीच्या शाळेत चौथी पास झाले आणि पाटी फळीवर ठेवली ती ठेवलीच. पुढे लिहिलं ते वाण्याची यादी आणि माहेरी वर्षाकाठी दोन-तीन कार्डं, एवढंच. थोरल्या मंगलच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. माफी कोणाची मागते तेही नीट सांगता येत नाही. मुलं कानडी शाळेत शिकतात. मराठी बोलतात, पण वाचायला बसवलं की जांभया देतात. मुलांचे वडील, आमचे हे, बंगळुरातच जन्मले. मराठी वर्तमानपत्र हातात दिलं तर चित्रं बघून घडी घालतात. माझं लिखाण न अडखळता वाचेल असं या घरात एकच माणूस आहे, माझी नणंद कुसुम. तिला वाचायला मीच शिकवलं. आणि माफीही खरं म्हणजे तिचीच मागायला हवी.

परवा गल्लीत अवरेकाईची गाडी आली. इथली थंडी मला धुक्याने कळत नाही, या शेंगांनी कळते. मार्गशीर्ष लागला की बसवनगुडीच्या बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग पडतात, गाई दिवसभर टरफलं खात रस्त्यात उभ्या राहतात, आणि आमच्या वठारातल्या साती घरांतून एकच वास येतो. वठार म्हणजे एका अंगणाभोवतीची बिऱ्हाडं, सगळ्यांना मिळून एक नळ. या शेंगांना तेलकट, उग्र वास असतो. लग्न होऊन आले तेव्हा मला तो सोसत नसे. शेजारच्या शारदक्का शेंग माझ्या नाकाशी धरून म्हणायच्या, "हा वास नसेल तर घेऊ नकोस हं. वास नाही तर चव नाही." आता मीच गाडीवाल्याशी त्यावरून वाद घालते. दाणे रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि सकाळी चिमटीत दाबायचे. साल बोटांत राहते, दाणा सुटून भांड्यात पडतो. आमच्याकडे वाल सोलतात तसंच, पण इथे त्यासाठी घरातल्या साऱ्या बायका मिळून बसतात. दोन दिवस बोटांचा वास जात नाही. मला तर दहा वर्षं झाली, एका हिवाळ्यातला वास अजून गेलेला नाही.

मी या घरात आले तेव्हा कुसुम अकरा वर्षांची होती. आई नव्हती. मामंजी, हे आणि ही, एवढंच घर. दोन पुरुषांत वाढलेली पोर. वेणी स्वतःची स्वतः घालायची, ती कायम एका कानाकडे झुकलेली. पहिल्या दिवशी मी तिची वेणी सोडून पुन्हा घातली आणि तेव्हापासून ती माझ्या मागे. माहेरच्या पुड्या मराठी वर्तमानपत्रात बांधून यायच्या. तो कागद सपाट करून मी तिला वाचायला शिकवलं. चकलीच्या तेलाचे डाग पडलेल्या बातम्या आम्ही दोघी मोठ्याने वाचत बसायचो. वर्षभरात ती माझ्यापुढे गेली. माझं बोट अजून ओळीवर फिरत असे आणि ती पान उलटायला टपलेली.

तिचा हात फार स्थिर होता. रांगोळीची रेघ ती एकदा सुरू केली की शेवटपर्यंत उचलत नसे. मॅट्रिक झाल्यावर तिला कारखान्यात ट्रेसरची नोकरी लागली. महादेवपुऱ्याच्या बाजूला, तेव्हा तिथे नुसती रागीची शेतं होती आणि मध्येच कारखाना. ड्रॉइंग ऑफिसात साहेब लोक पेन्सिलीने यंत्रांचे नकाशे काढायचे. त्यावर मेणचट पातळ कापड पसरून ही शाईने रेघेवर रेघ काढायची. एक थेंब सांडला की दिवस फुकट. कारखान्याची बस पहाटे कोपऱ्यावर यायची. त्याआधी उठून ती मामंजींचं सगळं करायची. त्यांना अर्धांग झाला होता, उजवी बाजू गेली होती. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, खुर्चीत बसवणं हे तिलाच जमे. माझ्या हाताने उचललं की ते कण्हायचे, तिने उचललं की गप्प राहायचे.

त्या वर्षी नवे पैसे आले होते आणि शारदक्का अजून आण्यांतच भाव करत होत्या. मला तिसऱ्या खेपेचा पाचवा महिना होता. मंगल पाच वर्षांची, श्रीपाद तीन. अवरेकाई नुकती सुरू झाली होती, तेव्हा एका संध्याकाळी कुसुम बसमधून उतरली ती धावतच आली. कारखान्यातून दोन वर्षांच्या शिक्षणासाठी कलकत्त्याला माणसं पाठवणार होते. परत आल्यावर ड्राफ्ट्समन, म्हणजे दुसऱ्याचे नकाशे गिरवायचे नाहीत, स्वतः काढायचे. चार नावं होती, त्यांत एकच मुलगी. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हो की नाही ते कळवायचं होतं.

हे म्हणाले, "जाऊ दे की तिला. आपण करू काहीतरी."

आपण म्हणजे मी, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी हसून साखर वाटली. मी हसलेच, हे खरं आहे. दुसऱ्या रविवारी कुसुमने पत्र्याची ट्रंक आणली आणि पांढऱ्या रंगाने तिच्यावर आपलं नाव लिहिलं. इतकं सुबक की वठारातली पोरं बघायला आली. शारदक्का म्हणाल्या, "नावाखाली जागा कशाला सोडलीस, कुसुमा? नवऱ्याचं नाव घालायला का?"

"गावाचं नाव घालायला, अक्का. आधी गाव, मग बाकीचं."

सगळे हसले. मी पदराआड पोटावर हात ठेवून उभी होते आणि मनात मोजत होते. मामंजींचं पहाटेचं, दुपारचं, संध्याकाळचं. दोन मुलं. चैत्रात बाळंतपण. माहेरी जायची सोय नाही, आई स्वतःच अंथरुणाला. हे सगळं खरंच होतं. पण मामंजींची काळजी पुढे करून मी मागे काय लपवत होते ते आता लिहायला हरकत नाही. मला एकटं पडायची भीती होती. आणि थोडा मत्सरही होता. पुडीच्या कागदावर जिला मी अक्षरं दाखवली ती आगगाडीत बसून कलकत्त्याला जाणार, आणि मी नळावर.

नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. पण माझं तोंड उघडत नाही. लहानपणापासूनच नाही. शाळेत गुरुजींनी विचारलं की उत्तर माहीत असूनही मी फरशीकडे बघायची. संसारात मी बायकांच्या बैठकीत कधी बोलले नाही, वाण्याने कमी मोजलं तरी बोलले नाही. असं माणूस भलं वाटतं. पण न बोलणारं माणूस काय काय करू शकतं ते मी त्या नाताळात पाहिलं.

इथल्या मराठी मंडळींनी नाताळच्या सुटीत मराठी सिनेमा मागवला होता. कँटोन्मेंटमधल्या थिएटरात, रविवारी सकाळचा खेळ. वर्षातून एकदा असं असे. बायका ठेवणीतली लुगडी नेसून यायच्या आणि सिनेमापेक्षा एकमेकींशी मराठीत बोलून घ्यायच्या. कुसुम म्हणाली, "तू जा वहिनी. पुढे महिने भरले की जमायचं नाही. मी बघते अप्पांचं आणि पोरांचं." म्हणून मी गेले. हे कामावर होते, सोबतीला मंडळींतल्या बायका होत्या; पण ती घरी राहिली म्हणून मी गेले, हे विसरता येत नाही.

त्या सिनेमात एक मास्तरीण होती. तिला दूरच्या गावी हेडमास्तरणीची जागा मिळते. दिवाळीच्या सुटीत ती घरी येते. म्हातारा बाप, विधुर भाऊ, त्याची पोरकी मुलं. भाऊबीजेला ओवाळून ती निघते. दारात टांगा उभा, घुंगरू वाजतात. आणि धाकटा मुलगा धावत येऊन तिची पिशवी घट्ट धरून बसतो. ती नेमणुकीचा कागद फाडते, तुकडे वाऱ्यावर उडतात, तुळशीपुढचा दिवा मोठा होत जातो आणि संपतो. थिएटरात नाक ओढल्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मीही रडले. त्या वेळचं रडणं खरं होतं. पण डोळे पुसता पुसताच मनात आलं, हे कुसुमने बघायला हवं.

गर्दी फार झाल्यामुळे पुढच्या रविवारी पुन्हा खेळ होता. घरी आले तेव्हा कुसुम मामंजींना भात भरवत होती.

"कसा होता गं?"

"तिकिटंच संपली," मी म्हटलं. "आम्ही बागेत बसून परत आलो. पुढच्या रविवारी जाऊ, दोघी."

आयुष्यात इतकं चटकन मी कधी उत्तर दिलं नव्हतं.

मधला आठवडा आठवतो तो वासासकट. रोज अवरेकाई, रोज सोलणं. कुसुम कारखान्यातून येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसायची आणि कलकत्त्याचं बोलायची. तिथे ट्राम असते म्हणे. तिथे मासळीचा वास असतो म्हणे. "आणि वहिनी, तिथे अवरेकाई नाही! तू मला दाणे वाळवून पाठव." मी हो म्हणायची. सारखं हो म्हणायची.

त्या रविवारी हे घरी थांबले आणि आम्ही बसने शिवाजीनगरला उतरून चालत गेलो. बेकऱ्यांतून गोड वास येत होता, दारांवर कागदी चांदण्या टांगलेल्या. कुसुम प्रत्येक चांदणीशी थांबून घडी कशी घातली आहे ते बघायची. मध्यंतरात तिने शेंगदाण्याची पुडी सोडली आणि म्हणाली, "एवढा मोठा बंगला आहे, दारात टांगा आहे, आणि एक बाई ठेवता येत नाही का गं यांना?" पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. मी म्हटलं, "गप्प बस, बघ पुढे." पुढे मी पडदा पाहिलाच नाही. मी तिच्याकडे बघत होते, तिच्या डोळ्यांत पाणी येतं का ते. शेवट जवळ आला तसा मी पदर डोळ्यांना लावला आणि हुंदका दिला. चांगला मोठा. ती माझ्याकडे वळली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, लागलं तिला. लागू दे, म्हणजे मला बोलायला नको.

बसस्टॉपवर ती बोलली नाही. बसमध्येही नाही. शिवाजीनगरच्या बाजारात घेतलेली अवरेकाईची पिशवी दोघींच्या पायांत होती. नळावर शारदक्का भेटल्या. माझे लाल डोळे बघून म्हणाल्या, "पैसे देऊन रडून आलात? इथे नळावर स्वल्प थांबलात तर फुकट रडायला मिळतं की!" कुसुम हसली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सोलायला बसलो. ती एकेक दाणा इतका जोरात दाबायची की तो भांडं सोडून भिंतीवर जाई. तिसऱ्या-चौथ्या दाण्याला ती म्हणाली, "वहिनी, मी नाही जात कलकत्त्याला."

अजून वेळ होता. अजून चार दिवस होते. मी जा म्हणू शकत होते.

मी म्हटलं, "तुझी मर्जी."

तिने हुं केलं आणि भिंतीवर उडालेले दाणे एकेक करून वेचले.

मंगल कधी कधी विचारते, आत्याच्या नावाच्या ट्रंकेत तुझी कापडं कशी? ट्रंक शिलाई मशीनखाली आहे आणि तिच्यात गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस असतात. नावाखालची जागा रिकामीच आहे. मशीनही तिचंच म्हणायला हवं. कलकत्त्याच्या वसतिगृहासाठी आणि कपड्यालत्त्यासाठी तिने पोस्टात दोनशे रुपये साठवले होते. संक्रांतीनंतर ते काढून तिने माझ्या हातावर ठेवले. "तुला मशीन हवं होतं ना कधीपासून? घे. पोस्टात पडून काय करायचेत." मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण हात पुढे गेलाच. उसने घेते, एवढं मात्र म्हटलं. ती म्हणाली, "सरी, बरं, उसने तर उसने."

तिच्याऐवजी दुसरा कोणी गेला. दोन वर्षांनी ड्राफ्ट्समन होऊन आला. त्याने काढलेल्या नकाशांवर कापड पसरून कुसुम रेघा काढते. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही चहा गाळता गाळता, दुसऱ्या कुठल्या गोष्टीच्या ओघात. मामंजी ती दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच गेले. शेवटी त्यांना तिचंही नाव आठवत नव्हतं. धाकटी लता चैत्रात झाली, तिला न्हाऊमाखू कुसुमनेच घातलं. लता बोलायला लागली तेव्हा पहिली हाक तिने आत्याला मारली. सगळ्यांना कौतुक वाटलं. मी आत जाऊन चुलीत फुंकर घालत बसले. चूल पेटलेलीच होती.

कुसुमची लग्नं ठरता ठरता राहिली. एकदा पत्रिका नाही जुळली, एकदा मुलाकडच्यांचं म्हणणं, नोकरी सोडायला हवी. तेव्हा ती म्हणाली होती, "एकदा सोडलं, पुरे झालं." ते ती त्या पाहुण्यांना म्हणाली, पण मी दाराआड होते.

पैसे मी थोडे थोडे देत आले. परकराचे, झबल्यांचे, दिवाळीच्या खणांचे. कधी पाच, कधी दहा. मध्येच श्रीपादचं पुस्तक, आईचं आजारपण, आणि मग वर्षभर काही नाही. ती मागायची नाही. मी तिच्या पिशवीत नोट टाकायची, ती बघून न बघितल्यासारखं करायची. शेवटचे दहा रुपये मी या आठवड्यात जमवले. वठाराच्या मालकिणीच्या मुलीची सहा ब्लाऊज शिवली होती.

काल रविवार. सकाळी कोवळ्या उन्हात आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो, मध्ये भिजलेल्या दाण्यांचं पातेलं. कुसुमला आता चष्मा लागला आहे, शाईच्या बारीक रेघांनी. सोलताना तो नाकावर घसरतो आणि बोटं ओली म्हणून ती मनगटाने वर ढकलते. मी नोट पुढे केली.

"शेवटचे."

"कसले गं?"

"मशीनचे."

"अजून चालूच होतं का ते?" ती म्हणाली. "ठेव तिथे पायरीवर. हात ओले आहेत." आणि मग, दाणे दाबतच, मान वर न करता: "वहिनी, एक विचारू? तो सिनेमा तू आधी बघून आली होतीस ना?"

माझ्या बोटांत एक दाणा होता. तो तसाच राहिला.

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच. टांग्याचे घुंगरू वाजले आणि लगेच तू पदर डोळ्यांना लावलास. पोरगं अजून धावत आलंही नव्हतं. सगळं थिएटर तोपर्यंत शेंगदाणे खात होतं." ती हसली. खरंच हसली. "मी म्हटलं, हिला कसं कळलं रडायचं आहे ते?"

"दहा वर्षं बोलली नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"

नळाला पाणी आलं होतं. शारदक्का घागर लावून पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"कळलं होतं तर गेली का नाहीस मग?" मी विचारलं.

कुसुमने मूठभर दाणे दाबले आणि मग उत्तर दिलं. "वाट बघत होते तुझी. बसस्टॉपवर बघितली, बसमध्ये बघितली. दुसऱ्या दिवशी सोलायला बसलो तेव्हाही बघितली. म्हटलं, आता म्हणेल, कुसुम, नको जाऊस. मग मी भांडले असते तुझ्याशी. कडकडून भांडले असते आणि भांडून गेले असते. अण्णा तर माझ्याच बाजूला होता, तुझ्यादेखत जाऊ दे म्हणाला होता. पण तू रडलीस. रडणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? आणि मी म्हटलं नाही जात, तर तू म्हणालीस, तुझी मर्जी."

शाळेतल्यासारखी मी फरशीकडे बघत होते. सालांचा ढीग होता, त्यावर माशा बसत होत्या.

मग मी म्हटलं. पातेल्याकडे बघून म्हटलं, पण म्हटलं.

"मोठ्याने बोल वहिनी, नळ चालू आहे."

"मला तू जायला नको होतं," मी म्हटलं. "मामंजींसाठी नाही. माझ्यासाठी. मी एकटी पडले असते म्हणून."

आवाज इतका मोठा आला की शारदक्कांनी वळून बघितलं. घागर भरून वाहू लागली तरी त्या बघतच राहिल्या. कुसुमही बघत होती, चष्म्यातून, तेव्हा थिएटरात बघितलं होतं तशीच, बराच वेळ. असू दे, असं ती म्हणाली नाही. झालं गेलं, असंही म्हणाली नाही. ते मला बरं वाटलं. म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता.

तिने हात लुगड्याला पुसले. दहाची नोट पायरीवरच्या पाण्याने एका कोपऱ्याला भिजली होती. ती तिने गुडघ्यावर पसरली, ओल्या शाईवर घालावी तशी हलकेच फुंकर घातली आणि घडी करून कमरेला खोचली.

"आता पैसे फिटले," ती म्हणाली. "दोनशेच्या दोनशे."